विश्लेषण : कपाटाएवढ्या ‘मिनी’ संगणकांच्या आठवणी खान्देशाने आताच का नोंदवाव्यात?

मोबाइल येण्याआधी आणि टेबलावरचा पीसी घरोघरी पोहोचण्याआधी संगणकांची एक पिढी होऊन गेली. तिचे नाव मिनी कॉम्प्युटर. नाव ‘मिनी’, पण आकार कपाटाचा. त्यावर काम केलेले ऑपरेटर, प्रोग्रॅमर आणि दुरुस्ती अभियंते आज साठी ते ऐंशीच्या घरात आहेत. जगभर या यंत्रांचे शौकीन जुने सुटे भाग, पुस्तिका आणि आठवणी गोळा करत आहेत. रेल्वे, बँका आणि सरकारी कार्यालयांत आयुष्य घालवलेली अशी माणसे जळगाव-धुळ्यातही आहेत. त्यांच्याकडचा ऐवज आता का नोंदवायला हवा आणि तो कसा नोंदवायचा, हे समजून घेऊ.

मिनी कॉम्प्युटर म्हणजे नेमके काय?

१९६० च्या दशकात संगणक म्हणजे मेनफ्रेम. त्यासाठी अख्खी खोली लागे आणि तो परवडत असे फक्त सरकारला किंवा बड्या कंपन्यांना. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन म्हणजेच ‘डेक’ या कंपनीने १९६५ मध्ये पीडीपी-८ हा संगणक बाजारात आणला. किंमत १८ हजार डॉलर. आज ती प्रचंड वाटते, पण मेनफ्रेमच्या मानाने तो स्वस्तच होता. त्यामुळे एखादी प्रयोगशाळा, एखादा कारखाना, विद्यापीठाचा एखादा विभागही स्वतःचा संगणक घेऊ शकला.

त्यानंतर १९६९ मध्ये डेटा जनरल कंपनीचा नोव्हा आला, १९७० मध्ये डेकचा पीडीपी-११ आणि १९७७ मध्ये व्हॅक्स-११/७८०. व्हॅक्सला तर ‘सुपरमिनी’ म्हटले जाई. सेकंदाला साधारण १० लाख सूचना पाळणारे यंत्र ही त्याची ख्याती. आज खिशातला साधा स्मार्टफोनही त्याच्या हजारो पट वेगाने चालतो.

तो चालवायचा कसा?

सुरुवातीच्या पीडीपी-८ ची मेमरी ४,०९६ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द १२ बिटचा, म्हणजे सगळी मिळून सहा केबी. हा लेख मोबाइलमध्ये जसा साठवला जातो तसा तिथे साठवायचा म्हटले, तर त्याचा पाव भागही मावणार नाही. ही मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची असे. प्रत्येक कड्यातून तारा ओवलेल्या. कडे एका दिशेने चुंबकित झाले की १, उलट दिशेने झाले की ०. वीज गेली तरी कडी चुंबकितच राहत, त्यामुळे साठवलेले पुसले जात नसे.

यंत्राच्या दर्शनी भागावर दिव्यांची आणि खटक्यांची रांग असे. खटका वर केला की १, खाली केला की ०. तीन-तीन खटक्यांचा एक गट आणि त्यातून ० ते ७ पर्यंतचा आकडा तयार होई. संगणक सुरू केल्यावर आपोआप काहीच घडत नसे. डझन-दीड डझन सूचना खटक्यांनी एकेक करून मेमरीत भराव्या लागत. त्या बरोबर बसल्या की यंत्र कागदी पट्टीवरची भोके वाचायला लागे आणि पुढचा प्रोग्रॅम आत घेई. एक खटका चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

बरोबरीला टेलिटाइप हे टंकलेखन यंत्रासारखे यंत्र असे. ते सेकंदाला १० अक्षरे छापी. म्हणजे १२ हजार अक्षरांचा मजकूर उमटायला २० मिनिटे. पुढे डिस्क आल्या. डेकची आरके०५ ही डिस्क चौदा इंच व्यासाची आणि तिच्यात मावत जेमतेम अडीच एमबी. आजच्या मोबाइलने काढलेला एक फोटो अनेकदा याहून मोठा असतो.

भारतात ही यंत्रे कशी आली?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः बांधून सुरू केला. १९६९ मध्ये तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात टीडीसी-१२ हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. तो १२ बिटचा, पीडीपी-८ च्या पिढीचा. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया म्हणजे ‘ईसीआयएल’ने पुढे टीडीसी-३१२ आणि टीडीसी-३१६ ही यंत्रे बनवली.

परदेशी यंत्र आणायचे तर परवाना आणि परकीय चलन दोन्ही मिळवावे लागे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांच्या भागभांडवलावर मर्यादा आली आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. तिच्या जुन्या यंत्रांची देखभाल सरकारी ‘सीएमसी’ म्हणजे कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे आली. याच काळात खासगी कंपन्यांना छोटे संगणक बनवण्याची मुभा मिळाली. एचसीएल, डीसीएम, ओआरजी आणि विप्रो ही नावे तेव्हाची. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने सुरुवातीच्या काळात आयात केलेला संगणकही डेटा जनरलचा एमव्ही/८००० होता. तोही सुपरमिनीच.

म्हणजे भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाची पहिली पिढी घडली ती पीसीवर नव्हे, तर मिनी कॉम्प्युटरवर.

खान्देशाशी याचा संबंध काय?

पहिला धागा रेल्वेचा. भुसावळ हे मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय आणि देशातील मोठ्या जंक्शनांपैकी एक. १९८५ मध्ये नवी दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झाले. सीएमसीने बनवलेली ‘इम्प्रेस’ ही प्रणाली डेकच्या व्हॅक्स यंत्रांवर चाले. पाठोपाठ मुंबईत असे केंद्र उभे राहिले. खिडकीवरच्या कारकुनासमोर फक्त पडदा आणि कीबोर्ड असे. बर्थ शिल्लक आहे की नाही, हे ठरवणारा संगणक शेकडो किलोमीटर दूर. १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. त्याआधी परतीच्या किंवा दुसऱ्या विभागातल्या तिकिटासाठी काय खटाटोप करावा लागे, हे जुने आरक्षण कर्मचारी सांगू शकतात.

दुसरा धागा बँकांचा. यांत्रिकीकरणाने नोकऱ्या जातील, ही भीती तेव्हा खरी होती आणि संघटनांचा विरोधही तीव्र होता. सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. पाठोपाठ १९८४ मध्ये सी. रंगराजन समितीचा अहवाल आला. शाखांमध्ये खतावणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रे, त्यावरच्या प्रादेशिक आणि विभागीय कार्यालयांत मिनी कॉम्प्युटर अशी ती उतरंड होती. हाती लिहिलेली खतावणी आणि छापील पत्रक यांचा मेळ घालत रात्री जागवलेली कर्मचाऱ्यांची पिढी जळगाव-धुळ्यात आज निवृत्तिवेतन घेते आहे.

तिसरा धागा सरकारी कार्यालयांचा. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने म्हणजे ‘एनआयसी’ने १९८० च्या दशकाच्या अखेरीस उपग्रहाच्या साहाय्याने जिल्हा मुख्यालये जोडायला घेतली. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. तो जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी.

चौथा धागा शिक्षणाचा. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी धुळे, जळगावजवळचे बांभोरी आणि फैजपूर येथे महाविद्यालये सुरू झाली. त्यांची पहिली तुकडी १९८७ च्या सुमारास बाहेर पडली. मिनी कॉम्प्युटरचा काळ तेव्हा मावळतीला लागला होता, पण संपला नव्हता. त्या तुकडीतले विद्यार्थी आज साठीच्या आसपास आहेत.

खान्देशातला उन्हाळा म्हणजे वेगळेच प्रकरण. ही यंत्रे स्वतःच भरपूर उष्णता सोडत, त्यामुळे खोली थंड ठेवावीच लागे. बाहेर ४५ अंश आणि आत विशीच्या आसपास! वीज गेली की यंत्राबरोबर वातानुकूलनही बंद. धूळ आत जाऊ नये म्हणून संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवण्याची पद्धत तर देशभर होती.

अशा आठवणींत नेमके काय मोलाचे असते?

जुन्या मंडळींच्या गप्पा अनेकदा गमतीने सुरू होतात. पंच कार्डांचा गठ्ठा हातातून निसटला की शेकडो कार्डे पुन्हा क्रमाने लावायची, म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ ओढून ठेवायची. रेघ जुळली की क्रम जुळला. पीडीपी-८ शेजारी ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवला की यंत्राची खरखर त्यात ऐकू येई. शौकिनांनी त्याचा फायदा घेऊन रेडिओवर सूर वाजवणारे प्रोग्रॅमही लिहिले.

पण या गमतींत तांत्रिक माहिती दडलेली असते. कोणता खटका कशासाठी होता, कोणता बोर्ड तापला की बिघडे, टेप वाचली जात नसेल तर काय करायचे, हे सगळे कंपनीच्या पुस्तिकेत असतेच असे नाही. पुस्तिका सांगते ती यंत्राची आदर्श चाल. प्रत्यक्षात ते कसे चालवून घेतले, हे चालवणाऱ्यालाच ठाऊक. सुटा भाग परदेशातून येईपर्यंत काम थांबवणे परवडत नसे. मग बोर्डवरचा एकेक घटक तपासून डाग देणे, दुसरीकडचा भाग काढून बसवणे हे ओघानेच आले. दुरुस्तीची ही विद्या एकाने दुसऱ्याला दाखवली, कागदावर फारशी आली नाही.

शिवाय ती विद्या पूर्ण जुनाट झालेली नाही. युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये पीडीपी-७ वर जन्मली आणि पीडीपी-११ वर वाढली. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेले लिनक्स त्याच घडणीचे. व्हॅक्ससाठी व्हीएमएस प्रणाली घडवणाऱ्यांपैकी डेव्ह कटलर यांनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज एनटी घडवली. आजची विंडोज त्याच वंशातली. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनलचे संकेत आजही संगणकाच्या कमांड खिडकीत चालतात. २०१३ मध्ये तर कॅनडातील अणुवीज केंद्रांच्या यंत्रणेसाठी पीडीपी-११ जाणणाऱ्या प्रोग्रॅमरची जाहिरात निघाली होती. ही यंत्रे २०५० पर्यंत चालवायची आहेत, असे त्यात म्हटले होते.

मग ही यंत्रे गेली कुठे?

पीसी स्वस्त झाला आणि मिनी कॉम्प्युटरचा बाजार आटला. १९९८ मध्ये कॉम्पॅकने डेक विकत घेतली, १९९९ मध्ये डेटा जनरलही दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. कंपनी गेली की सुटे भाग, पुस्तिका आणि प्रशिक्षण सगळेच थांबते.

आपल्याकडे सरकारी किंवा निमसरकारी कार्यालयातील यंत्राचा शेवट ठरलेला असतो. जडवस्तू संग्रह नोंदवहीत म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ते निरुपयोगी ठरते, निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, लिलाव होतो आणि यंत्र भंगारात. जुन्या बोर्डांच्या जोडणीवर सोन्याचा पातळ मुलामा असे. त्यामुळे अखंड यंत्रापेक्षा फोडलेले यंत्र भंगारवाल्याला अधिक मोलाचे वाटे. यात कोणी गैर केले असेही नाही. जागा हवी होती, नियम तसा होता आणि चाळीस वर्षांनी याला कोणी विचारेल असे कोणाच्या मनात नव्हते.

जगातले शौकीन काय करत आहेत?

तीन गोष्टी. पहिली, यंत्रे पुन्हा सुरू करणे. कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये निवृत्त अभियंत्यांनी पीडीपी-१ दुरुस्त केला. त्यावर १९६२ चा ‘स्पेसवॉर’ हा खेळ पुन्हा खेळता येतो.

दुसरी, नक्कल. डेकचेच माजी अधिकारी बॉब सुपनिक यांनी १९९० च्या दशकात ‘सिमएच’ हा प्रोग्रॅम सुरू केला. तो साध्या संगणकाला पीडीपी किंवा व्हॅक्सचे सोंग घ्यायला लावतो. जुने सॉफ्टवेअर त्यावर जसेच्या तसे चालते. ऑस्कर फरम्युलेन यांनी त्यापुढे जाऊन पीडीपी-८ आणि पीडीपी-११ चे छोटे दर्शनी फलक बनवले. मागे तळहाताएवढा रास्पबेरी पाय, पुढे खरे खटके आणि दिवे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा प्रयोग आवाक्यातला आहे.

तिसरी, कागद. पुस्तिका, सर्किटचे नकाशे, जाहिराती स्कॅन करून सर्वांसाठी खुल्या ठेवणे.

मात्र संग्रहालय उभे राहिले म्हणजे काम झाले, असे नाही. पॉल ॲलन यांनी सिएटलमध्ये चालत्या जुन्या संगणकांचे मोठे संग्रहालय उभे केले होते. २०२० मध्ये ते बंद झाले आणि २०२४ मध्ये त्यातील अनेक वस्तूंचा लिलाव झाला. एकाच जागी, एकाच माणसाच्या भरवशावर ठेवलेला ठेवा किती नाजूक असतो, हे त्यातून दिसले.

खान्देशाने हे कोणाकडून शिकावे?

त्यासाठी सिएटलला जायची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन १९२६ च्या अखेरीस धुळ्यात झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे उघडली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड छापले. १८९८ च्या पहिल्या खंडात पानिपतच्या काळातील पत्रे आहेत. ती समोर ठेवून बखरींतल्या सांगोवांगीचा पडताळा कसा घ्यायचा, हे त्यांनी दाखवले.

संगणकाच्या आठवणींनाही हीच कसोटी लागते. चाळीस वर्षांनी सांगितलेली हकिगत बखरीसारखी असते. तिच्यात खरे असते, रंगही असतो. सालात चूक होते, यंत्राचे मॉडेल बदलते, दोन प्रसंग एक होतात. तिच्या शेजारी अस्सल कागद ठेवला तरच तिचा इतिहास होतो. डेडस्टॉक रजिस्टरमधली एक ओळ यंत्राचे नाव, खरेदीची तारीख आणि किंमत सांगते. ते यंत्र कसे चालले, कोणी शिकवले, कोणाला भीती वाटली, हे मात्र ती ओळ सांगत नाही. म्हणून माणूस आणि कागद दोन्ही हवेत. त्यातला कागद काही वर्षे थांबेल, माणूस थांबेलच असे नाही.

प्रत्यक्षात काय करता येईल?

• घरात किंवा ओळखीत रेल्वे, बँक, विमा, वीज मंडळ, एनआयसी, महाविद्यालय येथील निवृत्त संगणक कर्मचारी असतील, तर मोबाइलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. एका बैठकीत एकच यंत्र आणि एकच कार्यालय घ्या. अहिराणीत बोलत असतील तर अहिराणीतच बोलू द्या.

• ‘तेव्हा कसे होते?’ असे विचारू नका. यंत्राचे नाव काय, खोली कुठे होती, सकाळी सुरू कसे करायचे, बंद पडले तर फोन कोणाला, पहिला प्रोग्रॅम कशासाठी, असे नेमके विचारा.

• ओळखपत्र, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, यंत्रासोबतचा गट फोटो, पुस्तिका, हिरव्या पट्ट्यांच्या लांबलचक कागदावरची छपाई यांचे फोटो घ्या. मागच्या बाजूला लिहिलेली तारीखही टिपा.

• महाविद्यालये आणि कार्यालयांनी जुनी डेडस्टॉक रजिस्टरे नष्ट करण्याआधी संगणकाची पाने स्कॅन करून ठेवावीत.

• जुने यंत्र किंवा बोर्ड सापडला तर थेट प्लग लावू नका. आतले कपॅसिटर वाळलेले असतात आणि ते फुटू शकतात. जुन्या बॅटरीतून गळलेले रसायन बोर्ड खाते. आधी फोटो, मग जाणकाराकडून तपासणी.

• टेप आणि फ्लॉपी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. खान्देशातली उष्णता आणि पावसाळ्यातली बुरशी दोन्ही त्यांना मारक आहेत. बँक किंवा कार्यालयाच्या माध्यमांत लोकांची खासगी माहिती असू शकते. ती कोणालाही पाठवू नका, संबंधित संस्थेला कळवा.

• रेकॉर्डिंगची एक प्रत घरात, एक ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात ठेवा. जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे आणि धुळ्याला दप्तरे जपण्याची जवळपास शंभर वर्षांची सवय आहे.

१९७५ मध्ये पंचविशीत असलेला ऑपरेटर आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्याकडे विचारायचे प्रश्न साधे आहेत आणि रेकॉर्ड करायचे साधन प्रत्येकाच्या हातात आहे. पहिला फोन या रविवारी करता येईल.